डाव्या पायाला सुट्टी देणाऱ्या बाई

माझ्या मेव्हण्याच्या गाडीच्या मागच्या सीटा काळ्या होत्या. काळ्यावर लाल शिलाई. आता त्या बऱ्याचशा पिस्ता रंगाच्या आहेत, आणि हे काम मी एका क्षणात, कुणाचीही मदत न घेता केलेलं आहे.

झालं असं, की मेव्हण्याला त्याच्या कंपनीनं वर्षभरासाठी लांब कुठेतरी पाठवायचं ठरवलं आणि त्यानं आपली नवीकोरी गाडी आमच्याकडे ठेवायचं ठरवलं. गाडी म्हणजे एसयूव्ही, आणि त्यातही स्पोर्टी. स्पोर्टी म्हणजे काय, तर अंगापिंडानं ट्रकच्या घराण्यातली आणि वागायला शर्यतीच्या घोड्यासारखी. ती ऑटोमॅटिक होती. क्लच नाही, पायाखाली दोनच पेडल. मी उभा जन्म तीन पेडलांच्या गाडीवर काढलेला. तरीसुद्धा पहिला अर्धा तास मी इतकी छान चालवली, की खरं म्हणजे तेव्हाच मला स्वतःचा संशय यायला हवा होता. मेव्हणा शेजारी बसला होता. मागे बायको होती, आणि तिच्या शेजारी, सीटवर, सासूबाईंच्या स्वयंपाकघरासाठी घेतलेला रंगाचा डबा.

"भाऊजी, आता मॅन्युअल मोडला टाका," मेव्हणा म्हणाला.

"ते काय असतं?"

"गिअर तुम्ही स्वतः बदलायचे. दांडा बाजूला घ्यायचा आणि पुढे-मागे करायचा. खरी मजा त्यातच आहे."

मी दांडा बाजूला घेतला. पण माझ्या हातानं गिअरचा दांडा हलवला आणि ती बातमी डाव्या पायाला पोचली नाही, असं आजवर कधी झालेलं नाही. हात हलला, पाय उठला, आणि क्लच समजून सगळ्या ताकदीनिशी खाली गेला. तिथे क्लच नव्हता. तिथे ब्रेक होता. ऑटोमॅटिक गाडीचा ब्रेक चांगला पाटासारखा रुंद असतो. चुकवू म्हटलं तरी चुकत नाही.

गाडी जागच्या जागी थांबली. डबा थांबला नाही.

"थांबायचं होतं तर आधी सांगायचं तरी," डोळ्यांवरचा पिस्ता पुसत बायको म्हणाली.

मेव्हणा सावकाश मागे वळला. आजारी माणसाला बघायला जावं आणि दारातच बातमी कळावी, तसा त्याचा चेहरा झाला. "भाऊजी, काय केलंत हे?"

"मी नाही केलं," मी म्हणालो. "पायानं केलं."

हे शंभर टक्के खरं होतं, पण गाडीत ते कुणालाच पटलं नाही. पुढे ते एका व्यक्तीला, मी वाक्य पुरं करायच्या आत पटलं. ही हकीकत तिची आहे.

मोटार ड्रायव्हिंग स्कूल एका कोपऱ्यावर होतं, एका बाजूला लाँड्री आणि दुसऱ्या बाजूला चष्म्यांचं दुकान. आत एकच खोली. टेबल, टेबलावर फोन, भिंतीवर रहदारीच्या खुणांचा तक्ता, एक लोखंडी कपाट. कोपऱ्यात एक नवी फिरती खुर्ची होती. तिच्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. बाहेर शिकवायची गाडी उभी होती, आणि तिच्याकडे बघून रस्त्यावरचे लोक हसत होते, कारण तीही मेव्हण्याच्या गाडीसारखीच स्पोर्टी एसयूव्ही होती. रंग भडक लाल, बॉनेटवर काळे पट्टे, मागे पंखासारखा उंचवटा; आणि या सगळ्या थाटाच्या डोक्यावर 'शिकाऊ चालक' अशी तिकोनी पाटी. जत्रेतल्या पहिलवानाला बाळाचं टोपडं बांधावं तसं दिसत होतं.

"काय बिघडलंय?" आतल्या बाईंनी मला विचारलं.

वय पन्नाशीच्या पुढे. उंची बेताची, आवाज बेताचा नाही. केस आखूड कापलेले. ते त्यांचे यजमान कापतात, हे मला नंतर समजलं. यजमानांचं दोन गल्ल्या पलीकडे सलून आहे, आणि गिऱ्हाइकाशी अवाक्षर न बोलणारे ते मला माहीत असलेले एकमेव सलूनवाले आहेत. "घरात एकानं बोललेलं पुरतं," असं बाईंचं त्यावर म्हणणं.

"डावा पाय," मी म्हणालो.

"हात हलला की उठतो?"

"हो! म्हणजे मी काही करत नाही, आपोआप..."

"सगळ्यांचा उठतो. नुसतं डी वर ठेवलंत, की गाडी आपले गिअर आपण बदलते, हाताला काम नाही, म्हणून पाय झोपलेला असतो. मॅन्युअल मोड लावून दांड्याला हात घातलात की तो जागा होतो. काय सांडलंत?"

"रंग."

"कुठला?"

"पिस्ता."

"त्यातल्या त्यात बरं. मागे एकानं सासऱ्यांची कवळी समोरच्या काचेवर मारली होती. बसा, पिस्ता."

त्या दिवसापासून माझं नाव पिस्ता. बाई कुणाचंही खरं नाव वापरत नसत. कवळीवाल्याला त्या 'दात' म्हणत, आणि एका फारच सावकाश चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना 'मिरवणूक'.

तेवढ्यात मालक आले. मालक म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. गाडी चालवायला त्याला बाईंनीच शिकवलं होतं, आणि शिकवताना थोबाडीतही दिली होती. पुढे त्यानं स्कूल काढलं आणि जिनं मारलं तिलाच नोकरीवर ठेवलं. असा मालक दुसरा नसेल. मालकांनी येताच खुर्चीवरचं प्लॅस्टिक जरा उचलून बघितलं.

"ताई, अगं बसून तरी बघ. पाठीला किती आराम आहे."

"तू बस."

"मी तुझ्यासाठी घेतली."

"म्हणूनच म्हणते, तू बस."

मी दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिलो. मग मालकांनीच मला, गिऱ्हाईक असूनही, घरातलं भांडण सांगून टाकलं. जुनी तीन पेडलांची गाडी त्यांनी विकली होती, कारण शिकायला येणारा जो तो आता असल्या ऑटोमॅटिक एसयूव्हीवरच शिकायचं म्हणतो. जुन्या गाडीत बाईंच्या बाजूला दोन जादा पेडल होते, एक ब्रेक आणि एक क्लच. शिकणारा गडबडला की बाई दोन्ही पाय एकदम दाबत. कितीतरी वर्षं दाबत आल्या होत्या. नव्या गाडीत त्यांच्या बाजूला फक्त ब्रेक. आता परवाना कचेरीतला परीक्षक येऊन, बाई या गाडीवर शिकवायला लायक आहेत की नाहीत ते बघणार होता. लायक ठरल्या तर शेजारची सीट त्यांची. नाही ठरल्या तर ही फिरती खुर्ची आणि टेबलावरचा फोन.

"फोन घ्यायला काय वाईट आहे?" मी उगाच मध्ये तोंड घातलं.

"मनगट मोडलं होतं तेव्हा घेतला मी फोन," बाई म्हणाल्या. "समोरचा माणूस बोलता बोलता भरकटला की मी 'ब्रेक!' म्हणून ओरडायची."

"त्या महिन्यात नवीन एकही माणूस आला नाही," मालक म्हणाले. "पण ताई, खरं सांग, तुझा पायसुद्धा..."

"माझ्या पायाचं मी बघते. चला, पिस्ता. डावा बूट काढा."

डावा बूट काढणं हा बाईंच्या शिकवणीचा पहिला धडा. चालकाच्या सीटवर बसलं की डाव्या पायातला बूट काढायचा, बाईंच्या हातात द्यायचा. त्या तो सीटच्या मागे अडकवलेल्या कापडी पिशवीत टाकत. मोजा राहू द्यायचा, पाय सरळ चटईवर ठेवायचा आणि विसरून जायचं.

"बूट घातलेल्या पायाला वाटतं, आपण कामावर आहोत," त्या म्हणाल्या. "काढला की त्याला कळतं, आज सुट्टी. आणि चुकून उठलाच तर मोज्याला पेडलचं रबर थंड लागतं. तेवढ्यात माणूस शुद्धीवर येतो."

हे शास्त्र कुठल्या पुस्तकात आहे मला माहीत नाही. त्याचा तोटा मात्र मला माहीत आहे. लोखंडी कपाटात डाव्या बुटांचा ढीग होता. शिकवणी संपल्याच्या आनंदात माणसं एकाच बुटानिशी निघून जात, आणि काही जण लाजेपोटी परत येत नसत. 'दात' तर म्हणे तसाच कचेरीत गेला आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याच्या लक्षातच आलं नाही.

पहिल्याच दिवशी मला दिसलं, की बूट काढून घेतल्यावर बाईंनी आपलीही डावी चप्पल काढून ठेवली. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की बोलायची सोयच राहिली नाही. दुसऱ्या दिवशी एक सायकलवाला आडवा आला, मी वेळेवर ब्रेक लावला, आणि त्याच क्षणी शेजारून 'धप्' असा आवाज आला. बाईंचा डावा पाय, नसलेल्या क्लचसाठी, गाडीच्या तळावर आपटला होता. तिसऱ्या दिवशी तो सरकून त्यांच्या ब्रेकवर पडला, आणि रिकाम्या रस्त्यावर, काही कारण नसताना, आमची गाडी उभी राहिली. मागच्या टॅक्सीवाल्यानं काच खाली करून बाईंच्या खानदानाची चौकशी केली.

"आता हे कुणामुळे झालं?" मी विचारलं.

"तुमच्यामुळे," बाई म्हणाल्या. "चला पुढे."

म्हणजे आमच्या गाडीत सुट्टीवर पाठवायचे दोन पाय होते. एक माझा, एक बाईंचा. परीक्षकासमोर बाईंनी कारण नसताना ब्रेक दाबला तर त्या नापास. कारण असताना दाबला नाही, तरी नापास.

गाडीच्या पोटात काय चालतं, हे बाईंनी मला खोलीतले दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून दाखवलं. एक चालू केला, दुसरा बंदच. थोड्या वेळानं चालू पंख्याच्या वाऱ्यानं बंद पंख्याची पातीही आळसावल्यासारखी फिरू लागली.

"हा इंजिनाचा पंखा. हा चाकांकडचा. मध्ये वाऱ्याऐवजी तेल भरलंय असं समजा. दोघं एकमेकांना शिवत नाहीत. म्हणून सिग्नलला गाडी गिअरमध्ये असूनही थांबता येतं, ब्रेक दाबला की झालं. चाकांकडचा पंखा उभा, इंजिनाचा आपला फिरतोय. क्लचचं काम गेलं ते इथे."

"आणि गिअर कोण बदलतं?"

"आत एक संगणक असतो. वेग बघतो, तुम्ही पेडल किती दाबलंय ते बघतो, चढ आहे का बघतो, आणि ठरवतो. स्पोर्टचं बटण दाबलंत तर खालचा गिअर जास्त वेळ धरून ठेवतो. गाडी गुरगुरते, पेट्रोल पिते, बाकी काही नाही."

"आणि मॅन्युअल मोड? तिथे तर माझं राज्य."

"राज्य कसलं! तिथे दांड्याशेजारच्या अधिक-उण्याच्या खुणांकडे दांडा ढकलून तुम्ही अर्ज करायचा. अधिकचा केलात तर वरचा गिअर, उण्याचा केलात तर खालचा. अर्ज मंजूर करायचा की नाही, ते तोच ठरवणार. फार वेगात असताना पहिला मागितलात तर एक 'टुंग' वाजवेल आणि देणार नाही. इंजिन फुटेल ना! आणि गाडी हळू झाली तर तुम्ही मागा न मागा, खालचा गिअर तो आपणहून घेईल."

"मग मॅन्युअल म्हणायचंच कशाला?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून," बाई म्हणाल्या. पण लगेच बोट वर केलं. "उतार सोडून. उताराला त्याचं खरं काम आहे."

मालक दारातून ओरडले, "ताई, विजेचं बिल पंख्यांचं वेगळं येणार का आता?" बाईंनी पंखे बंद केले आणि आम्ही उताराकडे निघालो.

गावाच्या टोकाला टेकडीवर पाण्याची टाकी आहे. तिथवर जाणारा रस्ता चढाला बरा आणि उताराला वाईट: लांबच लांब, आणि खाली एक तीव्र वळण. डी वर ठेवून उतरलो तर गाडी वरचा गिअर धरते, मोकळी सुटते, आणि तळाशी येईपर्यंत ब्रेकवर पाय ठेवून ठेवून ब्रेक तापतात. म्हणून दांडा बाजूला घ्यायचा आणि उणे, उणे करत दुसऱ्यावर आणायचं. मग इंजिनच गाडीला मागून कुणी शर्ट धरल्यासारखं आवरतं. ब्रेकला काम राहत नाही. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी इतका खूश झालो की स्टिअरिंगच्या मागे जे दोन कान असतात, गिअर बदलायचे, त्यांनाही हात लावून बघितला.

"कान सोडा," बाई म्हणाल्या. "एका वेळी एक खोडी."

आणखी एक गोष्ट त्यांनी मला पुन्हा पुन्हा बजावली होती. आमच्या मेव्हण्याच्या गाडीत दांडा पुढे ढकलला की खालचा गिअर पडतो आणि मागे ओढला की वरचा. शर्यतवाल्या लोकांचं म्हणणं असं, की ब्रेक लावला की अंग पुढे जातं, म्हणून खालचा गिअर पुढे. वेग घेतला की अंग मागे रेलतं, म्हणून वरचा मागे. स्कूलच्या गाडीत बरोब्बर उलटं. पुढे अधिक, मागे उणे.

"ही बनवणाऱ्याला अंग नव्हतं का?" मी विचारलं.

"असेल, पण तो बसून बनवत असेल. तुम्ही एक करा. परीक्षा होईपर्यंत घरच्या गाडीच्या दांड्याला हात लावू नका. डी वर चालवा आणि गप्प बसा."

परीक्षा, म्हणजे बाईंची. पण शिकवणाऱ्याची परीक्षा घ्यायची तर गाडीत शिकणारा पाहिजे, असा नियम. आणि बाईंनी त्यासाठी मला निवडलं. मालकांना हे कळलं तेव्हा ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

"ताई, अगं डॉक्टरीणबाईंना बोलाव. त्या कुणाला धक्कासुद्धा लावणार नाहीत."

"त्या पोचणारही नाहीत. पिस्ता येतील."

घरी येऊन मी ही बातमी जरा छाती काढूनच सांगितली. "बाईंनी बरोब्बर माणूस हेरला. कठीण विद्यार्थी घेतला तरच शिकवणाऱ्याचं कसब दिसतं."

"तुमच्यापेक्षा वाईट कुणी सापडला नसेल," बायको म्हणाली. तिच्या कानामागे अजून थोडा पिस्ता होता, त्यामुळे मी वाद घातला नाही.

मात्र मला जबाबदारीची जाणीव झाली होती, आणि जबाबदारीची जाणीव झाली की मी नको ते करतो. रोज सकाळी मी दारात उभ्या असलेल्या मेव्हण्याच्या गाडीत जाऊन बसू लागलो. डावा बूट काढून, नुसती किल्ली फिरवून, उजव्या पायानं ब्रेक दाबून, दांडा बाजूला घेऊन, पुढे, मागे, पुढे, मागे. पाय अजिबात उठत नव्हता. मी धन्य झालो. बायकोनं खिडकीतून विचारलं, "बंद गाडीत बसून काय करताय?" मी म्हणालो, "सराव." दांड्याला हात लावू नका असं बाईंनी बजावलं होतं, ते माझ्या लक्षात होतं. पण ते पायामुळे सांगितलं असणार, आणि पाय तर सुधारला होता, अशी मी माझी समजूत घालून घेतली.

परीक्षक आले ते सर्दी घेऊन. हातात मोठा रुमाल, नाक लाल, चेहऱ्यावर काही नाही. मागच्या सीटवर मधोमध बसले, म्हणजे त्यांना आम्हा दोघांचे पाय दिसावेत. मी बूट काढला, बाईंनी चप्पल काढली.

"हे काय?" परीक्षकांनी विचारलं.

"पद्धत आहे," बाई म्हणाल्या.

"दोघांनी?"

"मी एकटीनं कशी घालून बसू? बरं दिसत नाही."

परीक्षक शिंकले. ते हसले असावेत असा मला संशय आला, पण रुमाल मोठा होता.

गावातला भाग चांगला गेला. चौकात मी वेळेवर थांबलो, शाळेसमोर हळू केलं, एका दूधवाल्याच्या टेम्पोला वाट दिली. बाई तोंडानं फक्त 'हं' म्हणत. एरवी दर चार पावलांवर माझा उद्धार करणाऱ्या बाईंनी नुसतं 'हं' म्हणावं, याचंच मला दडपण आलं. शेजारून 'धप्' असा आवाज येतोय का, याकडे माझा अर्धा कान होता. आला नाही.

टाकीपर्यंत चढलो. वर वळवून घेतली. समोर तो लांब उतार.

"मॅन्युअल," बाई म्हणाल्या.

दांडा बाजूला घेतला. तिसरा गिअर होता. पाय चटईवर गप्प. मला त्याचा अभिमान वाटला.

"एक खालचा."

मी दांडा पुढे ढकलला. अगदी सहज, रोज सकाळी ढकलत होतो तसा.

गाडीनं अर्ज मंजूर केला. वरचा गिअर मागितला, वरचा दिला. मागून शर्ट धरलेला हात सुटावा तशी ती सुटली. आकडा चौथ्याचा दिसला आणि वेगाचा काटा सरकू लागला. खाली वळणाचा पांढरा कठडा होता, तो मला दर क्षणाला मोठा दिसू लागला. त्याच वेळी परीक्षक शिंकले. माझा डावा पाय चटईवरून उठला. मोज्याला ब्रेकचं रबर थंडगार लागलं, आणि मी चटका बसल्यासारखा पाय मागे घेतला. आता ब्रेक शेजारून बसणार, म्हणून मी मान आखडून घेतली.

बसला नाही.

"उलट," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "मागे ओढा."

मी ओढला. तिसरा पडला. इंजिन गरजलं. पुन्हा ओढला, दुसरा पडला, आणि आम्ही तिघंही पट्ट्यांत पुढे झुकलो. मग माझा हात थांबेना. ओढतच राहिलो. गाडीनं 'टुंग' केलं, पुन्हा 'टुंग' केलं. पहिला गिअर मी किती वेळा मागितला देव जाणे, तिनं एकदाही दिला नाही.

"पुरे. हात काढा. त्याला कळलंय," बाई म्हणाल्या.

वळण आलं तेव्हा गाडी चालण्यापेक्षा थोड्या अधिक वेगानं जात होती. उजव्या पायानं ब्रेकला जरा शिवलो, वळलो, आणि पुढे सपाटीवर बाजूला घेऊन उभी केली. मी समोरच्या काचेतून एका विजेच्या खांबाचं निरीक्षण करत राहिलो.

"त्यांनी चुकीचा गिअर टाकला," शेवटी परीक्षक म्हणाले.

"टाकला," बाई म्हणाल्या.

"तुम्ही ब्रेक लावला नाहीत."

"वळण अजून लांब होतं. चूक यांची होती, सुधारायला वेळही यांच्याकडेच होता. मी ब्रेक लावला असता तर हे शिकले असते, की चुकलं की बाई ब्रेक लावतात."

"आणि वेळ उरला नसता तर?"

"तर लावला असता. पाय काय शोभेला आहेत?"

परीक्षकांनी पुढे वाकून बाईंच्या डाव्या पायाकडे बघितलं. म्हणून मीही बघितलं. त्यांनी पायाची बोटं चटईत इतकी रुतवली होती, की चटईचा कोपरा सुटून वर आला होता. बाईंनी तो सावकाश खाली दाबून सारखा केला. परीक्षकांनी नाक पुसलं आणि परत फिरायला सांगितलं. येताना मी डी वर चालवली. कुणीही मला दुसरं काही सुचवलं नाही.

स्कूलच्या दारात मालक उभेच होते. आमच्या तिघांच्या तोंडाकडे बघून त्यांना काही कळेना. परीक्षक उतरले, दार लावलं, आणि मालकांना म्हणाले, "बाई शिकवू शकतात." मग माझ्याकडे वळून बघितलं. "यांच्याकडे परवाना आहे?"

"जुना आहे," बाई म्हणाल्या.

"असेल," असं म्हणून ते शिंकत शिंकत चष्म्याच्या दुकानापलीकडे दिसेनासे झाले.

मालकांनी बहिणीकडे बघितलं. मग फोन वाजत नसतानाही फोन घ्यायला आत गेले. बाई गाडीतच बसून होत्या. त्या खूश होत्या की नाही ते चेहऱ्यावरून सांगता येत नव्हतं. कपाळावरचा घाम तेवढा पुसला, आणि कुणी दाबलेलंच नव्हतं, तरी स्पोर्टचं बटण चालू राहिलं नाही ना, ते बघितलं.

मी मात्र भारावून गेलो होतो. एवढ्या मोठ्या प्रसंगी, नोकरी पणाला लागलेली असताना, या बाईनं आपला सगळा भरवसा माझ्यासारख्यावर टाकावा! माझ्यात तिला काहीतरी दिसलं असणार. मलाही आजवर न दिसलेलं. ते एकदा तिच्या तोंडून ऐकावं, असं मला फार वाटलं.

"बाई," मी आवाज जरा खाली आणून विचारलं, "इतके विद्यार्थी असताना तुम्ही मलाच का घेतलंत?"

बाईंनी पट्टा सोडला आणि दार उघडलं.

"बाकीचे सगळे शिकले होते," त्या म्हणाल्या.